आलेलं शून्य खरं की खोटं? ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये स्ट्रिंगचा पूर्णांक करताना

एका ॲपच्या डेटाबेसमध्ये मी एकदा शेकडो ग्राहकांचा फोन नंबर एकच पाहिला: २१४७४८३६४७. हा नंबर त्यांच्यापैकी कोणाचाच नव्हता. ॲप कधी कोसळलं नव्हतं, कुठे एरर आला नव्हता, सगळ्या टेस्ट पास होत होत्या. शोधत शोधत गेल्यावर दोष सापडला तो एका ओळीत. ऑब्जेक्टिव्ह-सी ही ॲपलच्या ॲपसाठीची प्रोग्रामिंग भाषा शिकणारा प्रत्येक जण ही ओळ पहिल्या आठवड्यातच लिहितो. स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, घ्यायची, तिला तिची इंटव्हॅल्यू (तिच्यात लिहिलेली संख्या) विचारायची आणि उत्तर पूर्णांकात ठेवायचं.

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी. मेथड (ऑब्जेक्टला सांगता येणारी कामं) आणि टाइप (किमतींचे प्रकार) यांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत येतात. आणि उदाहरणांतल्या स्ट्रिंगमध्ये इंग्रजी अंक आहेत असं धरून चाला. देवनागरी अंकांची स्वतंत्र गंमत आहे, ती शेवटाकडे येईल.

मराठीत अंक आणि संख्या हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि आपला सगळा विषय या दोघांमधल्या अंतराचा आहे. कोणी टेक्स्ट फील्डमध्ये "४२" टाइप केलं की प्रोग्रामच्या हाती पडतात ते दोन अंक. म्हणजे दोन अक्षरंच, जशी "क" आणि "ख". संगणकाकडे प्रत्येक अक्षराला एक कोड असतो. इंग्रजी चारचा कोड ५२, दोनचा ५०. तेव्हा स्ट्रिंगमध्ये खरं तर ५२ आणि ५० अशी जोडी बसलेली असते, बेचाळीस ही संख्या तिथे कुठेच नसते. म्हणून तर स्ट्रिंगची यादी साध्या तुलनेने क्रमाने लावली तर "१०" हे "९" च्या आधी येतं. पहिलं अक्षर एक, एक हा नऊपेक्षा लहान, झाला निर्णय.

ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये या अंतरात आणखी एक भर पडते. ब्रॅड कॉक्स आणि टॉम लव्ह यांनी १९८०च्या दशकात ही भाषा घडवली ती सी भाषेवर स्मॉलटॉक या जुन्या भाषेच्या पद्धतीचे ऑब्जेक्ट आणि संदेश चढवून. त्यामुळे तिच्यात दोन जगं शेजारी शेजारी नांदतात. पूर्णांक सीच्या जगातला, मेमरीतली नुसती काही बाइट्स. स्ट्रिंग ऑब्जेक्टच्या जगातली, तिचं नाव एनएसस्ट्रिंग (एनएस हे नेक्स्टस्टेप या जुन्या सिस्टिमचं कूळ सांगतं). तुमच्या व्हेरिएबलमध्ये स्ट्रिंग नसतेच, ती मेमरीत जिथे आहे तिथला पत्ता असतो.

सीची सवय असलेले लोक इथे पहिली ठेच खातात. टाइप बदलायचा ना, मग कंसात इंट (सीचा पूर्णांक) लिहून कास्ट करू. पण त्यातून मिळतो तो पत्ता, संख्येच्या वेशात. घर क्रमांकाची पाटी वाचून घरात माणसं किती ते सांगावं, तसा प्रकार. २०११मध्ये एआरसी (मेमरीचा हिशोब आपोआप ठेवणारी सोय) आलं, ते वापरलं की कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, हे कास्ट करूच देत नाही. त्याआधी तो फार तर इशारा द्यायचा आणि इशारे कोण वाचतं?

मग खरं रूपांतर कसं होतं? हिशोब सोपा आहे आणि एकदा हाताने करून बघण्यासारखा आहे. "४०७" घ्या. बेरीज शून्यावर ठेवा आणि डावीकडून एकेक अक्षर उचला. अक्षराच्या कोडातून ४८ वजा करा, कारण इंग्रजी शून्याचा कोड ४८ आहे आणि पुढचे अंक ओळीने येतात. मग आधीच्या बेरजेला दहाने गुणून हा अंक त्यात मिळवा. चार आला, बेरीज ४. शून्य आला, ४०. सात आला, ४०७. डावीकडून सुरू केल्यामुळे पुढे किती अंक उरलेत हे माहीत असायची गरज पडत नाही. नवा अंक आला की आधीचे सगळे आपोआप एक घर वर सरकतात.

एवढंच असतं तर लेख इथेच संपला असता. अडचण गणितात नाही. सुरुवातीला रिकामी जागा असेल तर? मध्येच अंक नसलेलं काही आलं तर? एकही अंक मिळाला नाही तर? आणि संख्या ठेवलेल्या जागेत मावलीच नाही तर? ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये हे काम करणारी चार-पाच साधनं आहेत. त्यांच्यातला खरा फरक या प्रश्नांच्या उत्तरांत आहे, विशेषतः जमलं नाही हे ती किती प्रामाणिकपणे सांगतात यात.

सर्वात जवळचं साधन म्हणजे इंटिजरव्हॅल्यू.

एनएसइंटिजर वय = [मजकूर इंटिजरव्हॅल्यू];

ही मेथड अतिशय समजूतदार आहे, आणि तोच तिचा दोष. सुरुवातीच्या रिकाम्या जागा ती ओलांडते, अधिक-उणे चिन्ह समजून घेते, मग अंक मिळत राहतील तोवर वाचते. अनोळखी अक्षर दिसलं की थांबते आणि तोवर जमलेलं तुमच्या हातात ठेवते. म्हणून "४२ किलो" मधून ४२ मिळतात. हे काहींना सोयीचं वाटतं. पण "३.९" मधून ३ मिळतात. तिने संख्या जवळच्या पूर्णांकाला नेलेली नसते, ती फक्त टिंबाशी अडते. आणि "१,२३४" मधून मिळतो १. स्वल्पविराम आला, वाचन संपलं. हजारोंची रक्कम एका क्षणात एकावर येते आणि कोणी हूं की चूं करत नाही.

एकही अंक मिळाला नाही तर? तर उत्तर शून्य. "वय ४२" चं उत्तर शून्य, कारण सुरुवातच अक्षराने झाली. रिकाम्या स्ट्रिंगचं उत्तर शून्य. स्ट्रिंगच नसेल, म्हणजे व्हेरिएबलमध्ये निल असेल, तरी शून्य. इथे कारण वेगळं आहे. या भाषेत निलला पाठवलेला संदेश कोणी ऐकतच नाही आणि परत शून्य येतं. आणि हो, स्ट्रिंगमध्ये खरोखरच "०" असेल तेव्हाही शून्यच.

म्हणजे चार अगदी वेगळ्या परिस्थिती आणि उत्तर एक. तापमान नोंदवायच्या फॉर्मचं उदाहरण घ्या. एकाने ० लिहिलं, कारण बाहेर खरंच गोठतंय. दुसऱ्याने रकाना रिकामा सोडला. तिसऱ्याने "माहीत नाही" लिहिलं. तिघांच्या नावावर शून्य अंश लागतं आणि महिन्याची सरासरी काढताना हे खोटे शून्य खऱ्यांच्या पंगतीत बसतात. यावर लोक हमखास एक उपाय करतात, "शून्य आलं तर चूक समजा". मग ज्याच्याकडे खरंच शून्य अंश आहे त्याला ॲप पुन्हा पुन्हा सांगतं, कृपया योग्य संख्या लिहा. शून्य एकच असल्यामुळे ते खरं की खोटं हे नंतर कुठल्याच अटीने ओळखता येत नाही. ओळखायचं तर वाचतानाच, कारण एकदा ती ओळ ओलांडली की माहिती गेली.

आता त्या फोन नंबरकडे. इंटव्हॅल्यू आणि इंटिजरव्हॅल्यू या सख्ख्या बहिणी वाटतात, पण पहिली इंट देते आणि ॲपलच्या यंत्रांवर इंट ३२ बिटांचाच असतो, मग यंत्र ६४ बिटांचं का असेना. त्यात मावणारी सर्वात मोठी संख्या म्हणजे २१४७४८३६४७. त्याहून मोठं काही आलं की इंटव्हॅल्यू काटा शेवटच्या आकड्यावर नेऊन थांबवते. वजनकाट्यावर क्षमतेपेक्षा जास्त भार टाकला की काटा टोकाला टेकून बसतो, तसं. नऊने सुरू होणारा दहा आकडी कोणताही नंबर या मर्यादेच्या कितीतरी पुढे जातो. म्हणून शेकडो वेगवेगळे नंबर एकाच आकड्यावर येऊन टेकले होते. हा आकडा लक्षात ठेवा. डेटामध्ये तो दिसला तर तो योगायोग नसतो.

इंटिजरव्हॅल्यू एनएसइंटिजर देते आणि त्याची रुंदी यंत्राप्रमाणे ठरते. जुन्या ३२ बिटांच्या फोनवर तोही तेवढाच अरुंद होता. ६४ बिटांचा पहिला आयफोन ५एस, २०१३चा. आयओएस ११ने २०१७मध्ये ३२ बिटांची ॲप चालवणं बंद केलं, त्यामुळे आज ही काळजी जवळपास मिटली आहे. यंत्र कुठलंही असो, ६४ बिटच हवेत अशी खात्री पाहिजे असेल तर लाँगलाँगव्हॅल्यू आहे. तिची कमाल ९२२३३७२०३६८५४७७५८०७, म्हणजे एकोणीस अंक.

पण माझ्या मते तिथे मेथड बदलणं हा उपाय नव्हताच. फोन नंबर ही संख्या नाही. त्याची कोणी बेरीज करत नाही, सरासरी काढत नाही. त्याचा पूर्णांक केला की सुरुवातीचं शून्य गळतं, अधिक चिन्ह गळतं. खाते क्रमांक, पिन, कूपन कोड या सगळ्यांचं असंच. ते अंकांनी लिहिलेलं नाव असतं, ते स्ट्रिंगच राहू द्यावं. रूपांतराच्या निम्म्या चुका रूपांतरच न करून टळतात.

जिथे खरंच संख्या हवी तिथे एनएसस्कॅनर वापरा. तो दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगतो, संख्या मिळाली का आणि मिळाली तर किती.

एनएसस्कॅनर *स्कॅनर = [एनएसस्कॅनर स्कॅनरविथस्ट्रिंग:मजकूर];
एनएसइंटिजर संख्या = ०;
बूल ठीक = [स्कॅनर स्कॅनइंटिजर:&संख्या] && [स्कॅनर इजॲटएंड];

तिसऱ्या ओळीत सगळं सार आहे. स्कॅनइंटिजर हो किंवा नाही असं उत्तर देते, आणि सापडलेली संख्या तुम्ही दाखवलेल्या जागी नेऊन ठेवते. "&संख्या" म्हणजे व्हेरिएबल न देता त्याचा पत्ता देणं, जेणेकरून तिला आत लिहिता येईल. रिकाम्या स्ट्रिंगला उत्तर नाही, "०" ला उत्तर हो. खरं आणि खोटं शून्य इथे वेगळं झालं. इजॲटएंड विचारते की वाचून झाल्यावर मागे काही उरलं का. "४२ किलो" मध्ये किलो उरतं, "१,२३४" मध्ये स्वल्पविरामापासून पुढचं सगळं उरतं, म्हणून दोन्ही नापास. शेवटी चुकून पडलेली रिकामी जागा मात्र स्कॅनर मोजत नाही, कारण रिकाम्या जागा आणि नव्या ओळी तो मुळातच ओलांडतो. लोक हा दुसरा प्रश्न विचारायला विसरतात आणि मग मागे उरलेल्या मजकुराबाबत स्कॅनर वापरूनही परिस्थिती इंटिजरव्हॅल्यूइतकीच राहते.

स्कॅनरही एका जागी मूग गिळून बसतो. संख्या मावली नाही तर तो कमाल आकडा ठेवतो, उरलेले अंक ओलांडतो आणि तरीही "हो" म्हणतो. वय किंवा नगसंख्या असेल तर पुढे तुम्ही वाजवी मर्यादा तपासणारच, तेव्हा चालून जातं. प्रत्येक शक्य संख्या ग्राह्य असेल तेव्हा थेट सीच्या स्ट्रटोल या फंक्शनकडे जावं लागतं.

स्ट्रटोल जुनं आणि रुक्ष आहे, पण काही लपवत नाही. वाचन कुठे थांबलं तो पत्ता ते परत देतं. तो सुरुवातीच्याच पत्त्याएवढा असेल तर काहीच वाचलं गेलं नाही, आणि शेवटाला पोहोचला नसेल तर मागे काहीतरी उरलं. संख्या मावली नाही तर एररनो या जागतिक व्हेरिएबलमध्ये ईरेंज ही खूण ठेवतं. म्हणून हाक मारण्याआधी एररनो स्वतः शून्य करायला हवा, नाहीतर आधीच्या कोणाची तरी खूण तुमच्या माथी येईल. स्ट्रिंग त्याला यूटीएफ८स्ट्रिंग करून, म्हणजे सीच्या जगातल्या बाइट्स करून, द्यावी लागते. आणि इथे निलला माफी नाही. निलमधून रिकामा पत्ता जातो आणि ॲप कोसळतं.

त्याला द्यायची शेवटची किंमत (आर्ग्युमेंट) म्हणजे पाया, संख्या दशमान की आणखी कुठल्या पद्धतीने वाचायची ते. तिथे दहाच लिहा. कोणी हौसेने शून्य लिहितं, म्हणजे "तूच ओळख". मग शून्याने सुरू होऊन पुढे अंकच असलेली प्रत्येक स्ट्रिंग अष्टमान (पाया आठ) समजली जाते. "०१०" चे आठ होतात. "०८" चं शून्य होतं, कारण अष्टमान पद्धतीत आठ हा अंकच नाही आणि वाचन तिथे थांबतं. म्हणजे महिन्यांचे आकडे सातपर्यंत नीट चालतात, आणि घोटाळा ऑगस्टमध्ये कळतो. इंटिजरव्हॅल्यू मात्र "०१०" ला सरळ दहा मानते. सीमध्ये एटूआय नावाचा आणखी सोपा दिसणारा प्रकार आहे. संख्या मावली नाही तर काय होईल हे सीच्या मानकाने ठरवलेलंच नाही, म्हणून तो नको. रंगाच्या कोडासारखं षोडशमान (पाया सोळा) वाचायचं असेल तर स्कॅनरचीच स्कॅनहेक्सइंट पुरते, फक्त आधीचं हॅशचं चिन्ह आपण ओलांडायचं.

माणसाने स्वतः टाइप केलेली संख्या हा वेगळा मामला. आपण हजारांनंतर स्वल्पविराम देतो, जर्मन लोक तिथे टिंब देतात आणि दशांशासाठी स्वल्पविराम. "१.२३४" हे एकाला सव्वाच्या आसपास वाटतं, दुसऱ्याला बाराशे चौतीस. हा भेद समजणारं साधन म्हणजे एनएसनंबरफॉर्मॅटर. त्याची शैली दशांश ठेवा, नंबरफ्रॉमस्ट्रिंग म्हणा, की वापरणाऱ्याच्या लोकेलप्रमाणे (त्याच्या देश-भाषेच्या रीतीप्रमाणे) वाचून तो एनएसनंबर, म्हणजे संख्येचा ऑब्जेक्ट, देतो. जमलं नाही तर निल. शून्य आणि "नाही" इथेही वेगळे राहतात. दोन पथ्यं पाळा. एक, फॉर्मॅटर बनवायला महाग आहे, तेव्हा हजार ओळींची फाइल वाचताना हजार फॉर्मॅटर बनवू नका, एकच ठेवा. दुसरं, सर्व्हरवरून किंवा फाइलमधून आलेल्या मजकुराला वापरणाऱ्याचं लोकेल लावू नका, नाहीतर तीच फाइल दोन देशांत दोन उत्तरं देईल.

सर्व्हरचा विषय निघालाच आहे तर जेसनबद्दल (सर्व्हर माहिती पाठवतो तो मजकुराचा साचा) एक. संख्या कधी एनएसनंबर म्हणून येते, कधी अवतरणचिन्हांत स्ट्रिंग म्हणून. दोघांनाही इंटिजरव्हॅल्यू कळते, त्यामुळे सहसा निभावतं. पण जेसनमधला नल हा निल होत नाही, तो एनएसनल नावाचा ऑब्जेक्ट होऊन येतो आणि त्याला ही मेथड माहीत नसते. परिणाम, क्रॅश. तसंच अनसाइन्डइंटिजरव्हॅल्यू फक्त एनएसनंबरकडे आहे, एनएसस्ट्रिंगकडे नाही. व्हेरिएबलचा टाइप आयडी (कुठलाही ऑब्जेक्ट चालेल असा) असेल तर कंपायलर गप्प राहतो आणि चूक चालत्या ॲपमध्ये उघडी पडते.

पूर्णांकासाठी डबलव्हॅल्यूची आडवाट धरू नका (डबल हा दशांश संख्यांचा टाइप). डबलमध्ये ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढचे सगळे पूर्णांक अचूक बसत नाहीत. लहान संख्यांतही दगा आहे. "१९.९९" चा डबल करून शंभराने गुणलं तर १९९८.९९९ च्या पुढे नऊच नऊ येतात आणि इंटमध्ये टाकताच हाती उरतात १९९८. पैशांसाठी एनएसडेसिमलनंबर आहे, तो वापरा.

आता देवनागरी अंक. बरेच जण रूपांतराआधी स्ट्रिंगमध्ये फक्त अंक आहेत ना, हे तपासतात आणि त्यासाठी डेसिमलडिजिटकॅरॅक्टरसेट वापरतात. नावावरून वाटतं की शून्य ते नऊ एवढी दहाच अक्षरं त्यात असतील. प्रत्यक्षात युनिकोडमधल्या सगळ्या लिप्यांचे दशमान अंक त्यात आहेत, अरबी आहेत आणि आपलेही आहेत. "७" ही तपासणी आरामात पास होतो. पुढे जर कोणी हौसेने स्वतःचं ४८ वजा करणारं लूप लिहिलेलं असेल, तर गंमत बघा. देवनागरी शून्याचा कोड २४०६, म्हणून सातचा २४१३. त्यातून ४८ गेले, उरले २३६५. फॉर्ममध्ये सात लिहिले, नोंद झाली दोन हजार तीनशे पासष्टची. फक्त इंग्रजी अंक चालणार असतील तर ते दहा अंक स्वतः लिहून कॅरॅक्टरसेट बनवा. आपले अंकही स्वीकारायचे असतील (आणि मराठी ॲपने ते स्वीकारावेत असं मला वाटतं) तर काम फॉर्मॅटरकडे सोपवा.

स्विफ्ट ही ॲपलची नवी भाषा २०१४मध्ये आली तेव्हा तिने हा गोंधळ टाइपमध्येच सोडवला. तिथे स्ट्रिंगचा इंट केला की ऑप्शनल (संख्या किंवा निल) मिळतो, संपूर्ण स्ट्रिंग संख्या नसेल तर सरळ निल, आणि तो तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये हीच शिस्त मी एनएसस्ट्रिंगवर एक छोटी कॅटेगरी (तिला नव्या मेथड जोडायची सोय) लिहून आणतो. आत वरचा स्कॅनर, बाहेर एनएसनंबर किंवा निल. दहा ओळींचं काम आहे आणि जुन्या प्रकल्पात सगळीकडे पसरलेल्या इंटिजरव्हॅल्यू एकेक करून तिच्यावर आणता येतात. टेस्टमध्ये तिला मी रिकामी स्ट्रिंग, नुसतं उणे चिन्ह, "०", "०८", "४२ किलो", "१,२३४", "३.९", वीस अंकी संख्या आणि देवनागरी सात खायला घालतो.

त्या ॲपमध्ये शेवटी फोन नंबरचा रकाना मजकुराचा केला आणि ती ओळ काढून टाकली. नवे नंबर नीट येऊ लागले. जुने मात्र परत मिळाले नाहीत, कारण टोकाला टेकलेल्या काट्यावरून मूळ वजन काढता येत नाही. त्या शेकडो ग्राहकांना ईमेल पाठवून नंबर पुन्हा विचारावा लागला.